सी भाषेचे प्रमाणीकरण कसे झाले?

प्रोग्रॅमिंग भाषेचे प्रमाणीकरण म्हणजे त्या भाषेत काय लिहिता येते आणि त्याचा अर्थ काय, हे एका सर्वमान्य दस्तऐवजात ठरवून देणे. एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर सारखा चालावा, हा त्यामागचा हेतू असतो. फोरट्रानचे अमेरिकी मानक १९६६ मध्ये, तर कोबोलचे १९६८ मध्ये आले.

मानकाची गरज

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये तयार केली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे अनेक वर्षे तेच मानकासारखे वापरले गेले. मात्र पुस्तकात जे मुद्दे स्पष्ट नव्हते, तिथे प्रत्येक कंपायलरने आपापला अर्थ लावला. उदाहरणार्थ, लहान आकाराची चिन्हरहित संख्या गणितात वापरली, की तिचे रूपांतर काही कंपायलर चिन्हरहित पूर्णांकात करत, तर काही चिन्हसहित पूर्णांकात. त्यामुळे ऋण संख्येशी तुलना केल्यावर एकाच प्रोग्रॅमची दोन उत्तरे येऊ शकत, आणि चुकीचा संदेशही दिसत नसे.

समितीचे काम

१९८३ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्थेच्या (आन्सी) छत्राखाली एक्स३जे११ ही समिती स्थापन झाली. नवी भाषा घडवण्यापेक्षा प्रचलित वापर नोंदवण्यावर तिचा भर होता. तरी काही सुधारणा झाल्या. फंक्शनला दिलेल्या माहितीचा प्रकार आणि संख्या कंपायलरला तपासता यावी, यासाठी ‘फंक्शन प्रोटोटाइप’ ही सोय सी++ मधून घेण्यात आली. ‘नोएलियस’ हा प्रस्तावित शब्द मात्र १९८८ मध्ये खुद्द रिची यांच्या तीव्र विरोधानंतर वगळला गेला. १९८९ मध्ये मानक मंजूर झाले आणि १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ) म्हणूनही स्वीकारले गेले.

मानकाने मोकळे ठेवलेले मुद्दे

मानक सर्वच गोष्टी ठरवत नाही. ‘इंट’ किमान १६ बिटांचा असावा एवढेच ते सांगते. तो ३२ बिटांचाच असेल असे गृहीत धरलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चुकू शकतो. चिन्हसहित पूर्णांकाची मर्यादा ओलांडली तर काय होईल, हेही मानक सांगत नाही. याला ‘अनिर्धारित वर्तन’ म्हणतात. यामुळे कंपायलरला वेगवान कोड तयार करता येतो, पण सुरक्षेच्या अनेक त्रुटीही यातूनच निर्माण होतात.

पुढे १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ मध्ये मानकाच्या नव्या आवृत्त्या आल्या. फंक्शन लिहिण्याची १९७८च्या पुस्तकातील जुनी पद्धत २०२४च्या आवृत्तीत अखेर काढून टाकण्यात आली.