पक्षांची वही आणि आपण

जगदीप छोकर २०२५ च्या सप्टेंबरात गेले. ओळखीच्या चार जणांना मी ही बातमी सांगितली, तर चौघांनीही विचारलं, "कोण हे?" निवडणुकीला उभं राहणाऱ्याला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि अंगावरचे खटले शपथेवर लिहून द्यावे लागतात, हे मात्र चौघांनाही पक्कं ठाऊक होतं. ते कागद आपोआप आपल्या हाती आलेले नाहीत. ते मिळवणाऱ्यांपैकी एक छोकर होते. तेव्हाच ठरवलं, यावर एकदा सविस्तर लिहायचं.

पण ही गोष्ट छोकरांपासून सुरू होत नाही. ती सुरू होते आपल्या मुंबई हायकोर्टात, १९५७ साली. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या आणि त्यासाठी कंपनीच्या घटनापत्रात बदल हवा होता. एका भागधारकाने त्याला हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. कायद्यात मनाई नव्हती, त्यामुळे परवानगी द्यावी लागली. पण देताना त्यांनी मनातली अस्वस्थता लपवली नाही. आपली लोकशाही अजून पाळण्यात आहे, तिथेच तिचा गळा आवळला जाईल अशा कुठल्याही प्रस्तावाकडे संशयानेच पाहायला हवं, आणि संसदेने यात लक्ष घालावं, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं.

संसदेने लक्ष घातलंही. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली, १९६९ मध्ये तर थेट बंदीच. पण निवडणुकीचा खर्च काही थांबला नाही. जे चेकने यायचं ते रोखीने यायला लागलं, एवढाच काय तो फरक! १९८५ मध्ये बंदी उठली, तोवर रोखीची सवय पक्की झाली होती.

दरम्यान १९७४ साली एक फार बोलकं प्रकरण घडलं. दिल्ली सदर मतदारसंघातल्या १९७१ च्या निवडणुकीवरून खटला चालू होता. ३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की उमेदवाराच्या प्रचारावर पक्षाने केलेला खर्चही, उमेदवाराने त्याचा जाणूनबुजून फायदा घेतला असेल तर, त्याच्याच हिशेबात धरायचा. अगदी साध्या व्यवहाराची गोष्ट. लग्नाचा खर्च सांगताना मामाने दिलेले पैसे वगळले, म्हणून लग्न स्वस्तात झालं असं कुणी म्हणत नाही. पण त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, नंतर कायदाही झाला, आणि पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून बाहेर गेला. ही पळवाट २००३ मध्ये अरुंद झाली, पण बुजली नाही. २०२२ मध्ये मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख रुपये ठरवली गेली. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही.

इथे एका सासवडकराचं नाव घ्यायलाच हवं. विठ्ठल महादेव तारकुंडे. सासवडला जन्मलेले, मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश होते, १९६९ मध्ये ते पद सोडून दिल्लीला वकिली करायला गेले. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ मध्ये 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' ही संस्था काढली आणि निवडणूक सुधारणांसाठी तारकुंड्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारी समिती नव्हे बरं का, नागरिकांनी नागरिकांसाठी नेमलेली! १९७५ च्या सुरुवातीला तिचा अहवाल आला. मतदानाचं वय १८ करा, निवडणूक आयोग तीन सदस्यांचा करा, पक्षांना जमाखर्च ठेवायला लावा. काही महिन्यांतच आणीबाणी आली आणि अहवाल मागे पडला.

पण पुढे काय झालं बघा. १८ वर्षांचं वय १९८९ मध्ये अमलात आलं. तीन सदस्यांचा आयोग १९९३ मध्ये कायमचा झाला. म्हणजे ज्या सुधारणांनी कुणाच्या खिशाला हात लागत नव्हता, त्या उशिरा का होईना, पण झाल्या. जमाखर्चाचं गाडं मात्र अडलं. पक्षांना प्राप्तिकरात सूट आहे, पण विवरणपत्र भरण्याच्या अटीवर. आणि तेही अनेक पक्ष वर्षानुवर्षं भरत नव्हते! 'कॉमन कॉज' या संस्थेच्या अर्जावर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाला हे बजावून सांगावं लागलं.

आता छोकरांकडे येऊ. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी, त्रिलोचन शास्त्री आणि छोकर हे त्यांतले, 'असोसिएशन फॉर डेमॉक्रॅटिक रिफॉर्म्स' म्हणजे एडीआर ही संस्था काढून दिल्ली हायकोर्टात याचिका केली. मागणी फार मोठी नव्हती. उमेदवार वाईट असेल तर त्याला उभं राहू देऊ नका, असंही ते म्हणत नव्हते. तो कोण आहे ते आम्हाला सांगा, एवढंच.

२ मे २००२ ला सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येतो, असं ते म्हणालं. आणि एरवी कशावरही एकमत न होणारे पक्ष याविरुद्ध एका टेबलाभोवती बसले. वटहुकूम तयार झाला. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तो परत पाठवला. मंत्रिमंडळाने पुन्हा तोच पाठवला, तेव्हा त्यांना सही करावी लागली. मग एडीआर, लोकसत्ता आणि पीयूसीएल पुन्हा कोर्टात. (पीयूसीएलच्या उभारणीतही जयप्रकाशांबरोबर तारकुंडे होतेच.) १३ मार्च २००३ ला ते कलम रद्द झालं आणि तेव्हापासून ती शपथपत्रं आपल्याला मिळतात.

पुढचा प्रसंग तर जास्तच मजेशीर. परदेशी कंपनीकडून देणगी घ्यायला पक्षांना मनाई होती. स्टरलाइट आणि गोव्याची सेसा या वेदांत समूहातल्या कंपन्यांकडून काँग्रेस आणि भाजप दोघांनीही देणग्या घेतल्या. एडीआर आणि माजी सनदी अधिकारी ई. ए. एस. सरमा यांच्या याचिकेवर मार्च २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने दोघांनाही दोषी धरलं. मग? २०१६ च्या अर्थविधेयकातून 'परदेशी'ची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून मागे जाऊन. पण त्याआधीच्या देणग्या तरी उघड्या पडत होत्या. म्हणून २०१८ मध्ये तोच बदल १९७६ पर्यंत मागे नेला. बेचाळीस वर्षं मागे! शाळेत नापास झालेल्याने गेल्या चाळीस वर्षांच्या उत्तीर्णतेची अट बदलून घ्यावी, तसंच हे.

निवडणूक रोख्यांची गोष्ट ताजी आहे, म्हणून थोडक्यात. २०१७ च्या अर्थविधेयकात त्यांची सोय झाली, २ जानेवारी २०१८ ला योजना आली. कुणी कुणाला किती दिले ते मतदाराला कळणार नाही. रोखे विकणार फक्त स्टेट बँक. कंपन्यांच्या देणग्यांवरची मर्यादाही तेव्हाच काढली, म्हणजे १९५७ ची छागलांची काळजी पुन्हा दारात. एडीआर, कॉमन कॉज, मार्क्सवादी पक्ष वगैरे कोर्टात गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. माहिती द्यायला बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली. कोर्टाने एका दिवसाची दिली.

इथे एक गोष्ट मला फार लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर कुठल्याही स्वयंसेवी संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची, तर खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एका ठरावीक शाखेतच उघडावं लागतं, आणि दरवर्षी पै-पैचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. हिशेब मागण्याला माझी हरकत नाही. जो दुसऱ्याची वही मागतो, त्याची स्वतःची वही उघडी असायलाच हवी. सुधारणेची भाषा बोलणाऱ्यांनाही पैसा कुठून तरी येतोच. पण गावातल्या आश्रमशाळेला जो नियम, तो देश चालवायला निघालेल्या पक्षाला का नको?

आमचे एक काका यावर म्हणतात, "अरे, शपथपत्रं आली, रोखे गेले, म्हणून माणसं सुधारली का? खटले असलेले निवडून येतातच ना?" खरं आहे त्यांचं. येतात. रोखे गेल्यावर पैसाही आटला नाही, निवडणूक ट्रस्टसारख्या वाटांनी येतोच आहे.

पण मला वाटतं, या लोकांचं काम वेगळं होतं. त्यांनी राजकारणातून पैसा काढून टाकला नाही. ते त्यांच्या हातात नव्हतंच. त्यांनी वही उघडून आपल्यासमोर ठेवली. मिटली की पुन्हा उघडली. सत्तेत कुणीही असो, मिटणारे हात दर वेळी तयारच होते, म्हणून तर एकाच कामासाठी तारकुंड्यांपासून छोकरांपर्यंत पन्नास वर्षं लागली. उघडलेली वही वाचायचं काम मात्र त्यांनी केलं असतं तरी उपयोग नव्हता. ते आपलंच.

म्हणून नातेवाईक मंडळींना एकच विनंती. पुढच्या वेळी मत द्यायला जाण्याआधी आपल्या मतदारसंघातल्या निदान दोन-तीन उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या साइटवर उघडून बघा. दहा मिनिटं लागतात. मत बदललं नाही तरी चालेल. काकांनीसुद्धा बघावं, मग आपण निवांत भांडू.