‘उचल’ या शब्दावरची तळटीप

१. उचल : भीमा-घोडच्या काठी, शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात, ऊसतोडीला, गुऱ्हाळावर किंवा वीटभट्टीवर येणाऱ्या कुटुंबाला मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हिशेब मुकादमाच्या वहीत, पुढे नुसता अंगठा. उचल घेणे हा गुन्हा नाही. ती फिटेपर्यंत माणसाला जागचे हलू न देणे, हा मात्र वेठबिगार निर्मूलन कायद्याने (१९७६) गुन्हा आहे. वेठबिगारीचे कर्ज कलम ६ नुसार संपुष्टात येते. शिवाय ‘हे तसले कर्ज नव्हे’ हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ ने मजुरावर नव्हे, सावकारावर टाकला आहे. हे ठळकपणे सांगायला हवे, कारण ‘पैसे घेतलेत, तर फेडा’ या एका वाक्यापुढे मजूर गप्प होतो. सुटका झाल्यावर प्रशासनाकडून मुक्तता प्रमाणपत्र मागून घ्यावे. केंद्रीय योजनेतले पुनर्वसनाचे एक ते तीन लाख रुपये त्या कागदाशिवाय हाती येणे कठीण. पिळवणुकीसाठी फसवून वा धाकाने आणले असेल, तर मानवी तस्करीचे कलमही लागते : पूर्वी भारतीय दंड संहितेचे ३७०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १४३.