बैलघोड्याच्या नावात नसलेला कुत्रा

१/ परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला गिरणगाव पिढ्यान्‌पिढ्या ‘बैलघोडा’ म्हणत आला आहे. या नावात बैल आहे, घोडा आहे, कुत्रा नाही. ही गफलत नव्हे, त्या काळाचा हिशेब आहे.

२/ एकोणिसाव्या शतकातली मुंबई जनावरांच्या खांद्यावर चालत होती. १८७४ ते १९०५ या काळात ट्रामसुद्धा घोडेच ओढीत. बैल आजारी पडला की माल अडे. १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, त्यामागे हीच निकड होती.

३/ कुत्रा सरकारदप्तरी आला तो मुख्यतः पिसाळण्याच्या भीतीने. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या मोहिमेविरुद्ध ६ जून १८३२ रोजी फोर्टात दंगल उसळली. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी त्यात आघाडीवर होते.

४/ पण कुत्र्यांचा एक मोठा वैरी वेगळाच होता : डिस्टेंपर. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, खोकला, न्यूमोनिया आणि पुढे अनेकदा झटके. खोकल्याशिंकांतून तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. देवीची लस देणाऱ्या एडवर्ड जेन्नरने १८०९ मध्येच त्याचे वर्णन केले होते. माणसाला त्याची बाधा होत नाही, म्हणून त्याची भीतीही नव्हती.

५/ १९०५ मध्ये फ्रान्सच्या आंरी कारे यांनी आजारी कुत्र्याचा स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. तरीही त्याने रोग झालाच. अर्थ स्पष्ट होता : कारण जिवाणूहून सूक्ष्म आहे. पण पुढे आजारी कुत्र्यांच्या श्वासनलिकेत एक जिवाणू सापडला आणि अनेकांनी त्यालाच मूळ ठरवले. तो निरपराध नव्हता. कुत्र्यांच्या साथीच्या खोकल्यामागे तो आजही असतो. डिस्टेंपरचे मूळ मात्र तो नव्हता.

६/ माणसांबाबत हाच घोळ झाला. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला आणि शरद ऋतूत तो अधिक भयंकर होऊन परतला. दाटीच्या चाळींत रोग्याला वेगळे ठेवायला दुसरी खोली कुठली? त्या वेळी बरेच डॉक्टर १८९२ मध्ये फायफर यांनी शोधलेल्या जिवाणूलाच दोषी धरत होते.

७/ कोडे सुटले ते कुत्र्यांच्या वाटेने. ‘द फील्ड’ या इंग्लिश शिकारी साप्ताहिकाच्या पुढाकाराने १९२० च्या दशकात डिस्टेंपर-संशोधनासाठी निधी जमला. लंडनजवळ मिल हिल येथे लेडलॉ आणि डंकिन यांनी कारेंचे म्हणणे खरे ठरवून लस तयार केली. त्यांना साथ मिळाली फेरेट या मुंगसाएवढ्या प्राण्याची. त्याला डिस्टेंपर सहज होतो. १९३३ मध्ये लेडलॉ, स्मिथ आणि अँड्र्यूज यांनी फेरेटमध्येच माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू पकडला.

८/ डिस्टेंपरचा विषाणू मारणारे खात्रीचे औषध आजही नाही. सलाईन, सोबतच्या जिवाणूंवर प्रतिजैविके, शुश्रूषा आणि आजारी जनावर वेगळे ठेवणे, एवढाच उपचार. खरा बचाव लसीचा : पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली मात्रा, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या.

९/ भटक्या कुत्र्यांसाठी आधी २००१ चे केंद्रीय नियम होते, आता त्यांच्या जागी २०२३ चे आहेत. त्यांचा भर नसबंदी आणि रेबीजच्या लसीवर आहे. १८३२ च्या मारेकरी मोहिमेपासून आपण फार पुढे आलो, हे निःसंशय. पण मापदंड बराचसा तोच राहिला : माणसाला धोका किती? त्यामुळे लालबागच्या गल्लीतल्या पिल्लाला डिस्टेंपरची लस मिळेल की नाही, हे अजूनही त्याला रोज भाकरी घालणाऱ्याच्या खिशावर ठरते.