स्वस्त जीन्सची उधारी

विठ्ठलवाडी स्टेशनाला लागूनच उल्हासनगर आहे. महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचं हे नाव पडलं. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी इथे कारखाने उभे केले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, अशी थट्टा आपण केली. पण परदेशी शिक्क्याची हौस कोणाची होती? आपलीच ना!

पुढे जीन्सचा धंदा वाढला. जीन्स धुतलेलं रसायनांचं पाणी वालधुनीत गेलं. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर जिच्या काठी आहे, तीच ही नदी. त्यांनी पोटासाठी जीन्स शिवल्या, आपण कपाट भरायला घेतल्या. ‘स्वस्तात मिळाली’ असं आपण म्हणतो, तेव्हा उरलेले पैसे नदीच्या खात्यावर मांडलेले असतात.