आजोबांची रॅले आणि मी खरवडलेला रंग

गेल्या आठवड्यात पुतण्याचा मेसेज आला. "काका, माळ्यावरची सायकल खाली काढली. पावडर कोटिंगला देतोय. मॅट ब्लॅक करू की ऑलिव्ह ग्रीन?" सोबत फोटो. अंगणात उलटी ठेवलेली फ्रेम, मागे तुळशीवृंदावन, आणि फ्रेमवर माझा १९९४ सालचा मरून डुको कलर. जागोजागी फोड आलेले, पण ओळखू येणारा.

दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळं व्हायला हवं होतं. जमलं नाही. म्हणून हे लांबण. घरातली मंडळी वाचतीलच, त्यांनी माझ्या साला-तारखा दुरुस्त कराव्यात. (दादा, तू विशेषतः.)

ही सायकल आजोबांनी १९५४ साली पुण्याच्या जुन्या बाजारात घेतली. म्हणजे आमच्याकडे आली तेव्हाच ती जुनी होती. बुधवारी आणि रविवारी कुंभारवेशीजवळ भरणाऱ्या त्या बाजारात नट-बोल्टपासून पलंगापर्यंत सगळं मिळायचं. आजोबा तिथून सायकल घेऊन चालत घरी आले, कारण त्यांना ती चालवता येत नव्हती. ही गोष्ट आजी प्रत्येक दिवाळीला सांगायची. दुसरी गोष्ट आजोबा स्वतः सांगायचे: "ही साधी नव्हे, इंग्लंडची रॅले आहे."

ते असं का म्हणायचे ते मला फार उशिरा कळलं. स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडे चांगली सायकल म्हणजे बहुतेक विलायतेहून आलेली. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर. मुंबईत बिर्लांची हिंद सायकल १९३९ पासून होती, पण रुबाब इंग्लंडचा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि विलायती कंपन्यांनी इथेच भागीदार शोधले. मद्रासच्या मुरुगप्पा मंडळींनी १९४९ मध्ये टीआय सायकल्स काढली आणि हर्क्युलिस तिथे बनू लागली. बंगालमध्ये सेन कुटुंबाने रॅलेशी हात मिळवला आणि १९५२ च्या सुमारास आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला. म्हणजे आजोबांनी सायकल घेतली तेव्हा बाजारात दोन प्रकारच्या रॅले होत्या, नॉटिंगहॅमच्या आणि आसनसोलच्या. दोन्हींवर नाव एकच. 'इंग्लंडची' हा शब्द आजोबा इतका दाबून का म्हणायचे, ते यावरून समजावं.

१९७१ मध्ये बाबांना नोकरी लागली आणि त्यांनी काळी सायकल हिरवी करून घेतली. तेव्हा पुण्यात जुनी सायकल घ्यायची, ओव्हरहॉल करायची आणि रंग मारून वापरायची यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पेंटर लोक केसासारख्या बारीक ब्रशने हातानेच सोनेरी रेघा ओढत. रंगाच्या थराखाली आधीच्या मालकाचा रंग, त्याखाली त्याच्या आधीच्या मालकाचा. कांद्यासारखं. (चोरीच्या सायकलीलाही पहिला उपाय रंगाचाच, पण ते असो.)

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा मला रेसर हवी होती. खाली वळलेलं हँडल, बारीक चाकं, मडगार्ड नाही. नवी घेण्याची ऐपत नव्हती, मग घरातल्या रॅलेची रेसर करायचं ठरवलं. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर काढलं. हँडल बदललं. हँडल बदललं की दांडीचे ब्रेक जातात, कारण त्या सळया सरळ हँडललाच जोडलेल्या असतात. मग वायरचे ब्रेक आणले. ते लागेनात, कारण दांडीच्या ब्रेकची रिम वेगळी असते. तिथे रबर रिमच्या आतल्या बाजूला घासतं, बाजूला सपाट जागाच नसते. मग चाकं बदलली. मागच्या चाकात एक गुबगुबीत डबा होता, तीन गिअरचा, केव्हाचा बंद पडलेला. तो रिमसकट भंगारवाल्याला किलोवर दिला आणि आलेल्या पैशात मिसळ खाल्ली.

मग रंग. रविवारी दुपारी गच्चीवर पेंट रिमूव्हर आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. हिरवा गेला, खाली काळा लागला. आडव्या नळीवरचा हिरवा घासताना काळ्यावर पांढरी अक्षरं दिसायला लागली. आजोबांचं पूर्ण नाव, खाली 'पुणे', आणि साल १९५४. पाटी रंगवतात तशी वळणदार, थोडी उजवीकडे झुकलेली.

मी थांबलो का? क्षणभर थांबलो. मग हात चालूच ठेवला, कारण सोमवारी फ्रेम गॅरेजवाल्याकडे द्यायची होती आणि त्याने सांगितलं होतं, "पत्र्यापर्यंत साफ पाहिजे, नाहीतर डुको धरत नाही."

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "खाली काही निघालं का रे?"

मी म्हटलं, "नाही. नुसता काळा."

गॅरेजवाल्याने पुढच्या नळीवरची पितळी पट्टीही उपटली. ती कुठे गेली, मी विचारलंही नाही. पण मरून रंग झकास झाला. मी ती सायकल तीन वर्षं कॉलेजला नेली आणि एकदाही या प्रकाराचा विचार केला नाही, हे खरं सांगून टाकतो.

विचार करायची वेळ आली २००७ मध्ये. कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं ते नेमकं नॉटिंगहॅमला. तिथे रविवारी सकाळी लोक एखाद्या मैदानात गाड्या लावतात आणि डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात. जुना बाजारच, फक्त चहा महाग. तिथे पंधरा पौंडांना एक पांढरी रेसिंग सायकल दिसली. दहा गिअर, खाली वळलेलं हँडल, क्रोमवर गंज, दोन्ही टायर फाटलेले. समोर पितळी रंगाच्या पट्टीवर बगळ्याचं डोकं. रॅले ग्राँ प्री. लहानपणी हवी होती तश्शी!

मग तिच्या नादाने वाचत गेलो. नॉटिंगहॅममध्ये रॅले स्ट्रीट नावाच्या गल्लीत तिघांचं एक छोटं वर्कशॉप होतं, आठवड्याला जेमतेम तीन सायकली बनवणारं. फ्रँक बाउडन नावाचा पैसेवाला गृहस्थ तब्येतीसाठी सायकल चालवायला लागला, त्याला ती आवडली, आणि त्याने ते वर्कशॉपच घेतलं. १८८८ च्या डिसेंबरात रॅले कंपनी झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती वर्षाला दहा लाखांच्या आसपास सायकली बनवत होती आणि त्यातला मोठा वाटा परदेशी जात होता. पुढे ज्या देशांत माल जायचा, त्या देशांनी स्वतःचे कारखाने काढले. इंग्लंडात लोक मोटारी घेऊ लागले. १९६० मध्ये रॅले ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या छत्राखाली गेली, म्हणजे मद्रासच्या हर्क्युलिसमागे जी इंग्लिश कंपनी होती तिच्याच. १९९९ मध्ये नॉटिंगहॅममध्ये फ्रेम बनवणं थांबलं, २००२ मध्ये कारखानाच बंद झाला. मी गेलो तेव्हा त्या जागेवर विद्यापीठाचा परिसर होता. तळं, बदकं, काचेच्या इमारती. मी शनिवारी तिथून सायकल ढकलत जायचो तेव्हा उगाच वाटायचं, हिला माहेरी आणलंय.

सायकल दुरुस्त करायला बसलो आणि रॅलेचा हेका कळला. पायडलचा आस जिथे फिरतो त्या बीबीच्या कपाचे आटे बाकी इंग्लंडात इंचाला चोवीस, रॅलेचे सव्वीस. म्हणजे दुकानातला कप हिला बसत नाही. कारखाना स्वतःच स्क्रूपासून सगळं बनवत होता, तेव्हा त्यांना जगाची पर्वा नव्हती. कारखाना गेला आणि सव्वीस आटे मागे राहिले. जुने कप घासून-पुसून, नवे छरे आणि ग्रीस भरून पुन्हा तेच बसवले. टायर २७ बाय सव्वा इंची, आजकालच्या रिमपेक्षा थोडंसंच मोठं, पण तेवढंच पुरतं न बसायला. ते शोधावं लागलं. मागचा गिअर बदलणारा फ्रेंच सांगाडा प्लॅस्टिकचा, त्याला अपेक्षेप्रमाणे तडा गेलेला. क्रोमवरचा गंज मात्र ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून घासला तर सहज निघतो. घरी कुणाला करायचं असेल तर करून बघा.

सायकलीचं वय काढायचं होतं. फ्रेमवर ठोकलेल्या नंबरात पहिलं अक्षर एन, म्हणजे नॉटिंगहॅम, आणि पहिला आकडा चार. आता चार म्हणजे १९७४ की १९८४? ते नंबर सांगत नाही. ते सांगतात तिच्या अंगावरचे पार्ट, रंग आणि स्टिकर. प्लॅस्टिकचा गिअर, कॉटर पिनवाले क्रँक, अक्षरांची धाटणी, सगळं मिळून ७४. रंग काढला असता तर निम्मा पुरावा गेला असता.

आणि त्याच सुमारास वाचनात आलं की स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या डब्यावर, म्हणजे मी किलोवर विकलेल्या तशाच डब्यावर, तो बनला ते साल कोरलेलं असतं. तो डबाही नॉटिंगहॅमचाच. (ती कंपनी २००० मध्ये तैवानला गेली.) आजोबांची सायकल किती साली बनली, याचं उत्तर माझ्या हातात होतं आणि मी त्याची मिसळ खाल्ली होती. आसनसोल की इंग्लंड, हे पितळी पट्टीवरून किंवा मूळच्या अक्षरांवरून कदाचित कळलं असतं. तीही नाहीत.

पांढऱ्या सायकलीच्या पोटाखाली ग्रीस पुसताना आणखी काही आकडे-अक्षरं दिसली, वाकडीतिकडी ठोकलेली. चोरी झाली तर ओळख पटावी म्हणून तिथले लोक फ्रेमवर आपला पोस्टकोड ठोकून घेत. कुणाचा तरी पत्ता. ते बघितल्यावर मी पॉलिश पेपर खाली ठेवला, आणि त्या रविवारी बाबांना फोन केला.

हवापाणी झालं. मग म्हटलं, "बाबा, चौऱ्याण्णव साली सायकल घासली ना, तेव्हा खाली नाव निघालं होतं. आजोबांचं. मी घासून टाकलं."

पलीकडे थोडा वेळ टीव्हीचा आवाज.

"निघालं असणारच," बाबा म्हणाले. "एकाहत्तरला मीच पेंटरला सांगितलं होतं, खरवडू नकोस, वरूनच मार."

मला काही बोलता येईना. त्यांनीच विचारलं, "तुझ्या त्या सायकलीचं काय? चालती झाली?" मी म्हटलं, कॉटर पिना अडल्यात. जुन्या ठोकून काढताना वाकल्या, इथे मिळतात त्या नीट बसत नाहीत. "पाठवतो," म्हणाले. महिन्याभराने आईच्या चिवड्याच्या डब्याबरोबर अर्धा डझन कॉटर पिना आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. कानशीने जरा घासाव्या लागल्या, पण बसल्या. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा टेकू देऊन ठोकायचं, हेही पत्रात लिहिलं होतं, आकृतीसकट.

ती सायकल मी तशीच ठेवली. जिथे पत्रा उघडा पडला होता तिथे फक्त पांढऱ्याचे ठिपके दिले, तेही जुळले नाहीत. मूळचा रंग पिवळसर पडलेला, माझे ठिपके डॉक्टरच्या कोटासारखे. येताना एका विद्यार्थ्याला पंधरा पौंडांनाच दिली आणि ठिपक्यांबद्दल माफी मागितली.

इकडे सेन-रॅले आणि हिंद या दोन्ही कंपन्या १९८० मध्ये एकाच कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या, आणि पुढे दोन्हींचे कारखाने बंदही पडले. २०२० च्या जूनमध्ये, बरोबर जागतिक सायकल दिनी, ॲटलसचाही शेवटचा कारखाना थांबला तेव्हा ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली होती. ते म्हणाले, "रॅले गेली तेव्हा कुणी रडलं नव्हतं." पुढच्या वर्षी तेही गेले.

तर पुतण्या, तुझ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मरूनचं मला काहीही वाटत नाही, खुशाल काढ. त्याखाली तुला काही सापडणार नाही. मात्र पावडर कोटिंगवाले वाळूचा मारा करून फ्रेम साफ करतात, त्याच्या आधी एक काम कर. सीटची दांडी जिथे आत जाते, त्या जोडावर गॅरेजवाल्याने पुट्टी भरली होती, मला नीट आठवतंय. नंबर बहुतेक तिथेच ठोकलेला असतो. पेंट रिमूव्हरने तेवढीच जागा मोकळी कर, पॉलिश पेपर लावू नकोस, लाकडाच्या चिपाटीने काढ. आकडे दिसले तर आडव्या उजेडात फोटो काढ आणि आधी मला पाठव. रंगाचं नंतर बघू.