तेरावी घटनादुरुस्ती आणि नागरी हक्क

अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली ती राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. अब्राहम लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरताच होता. शिवाय युद्धकाळातला हुकूम शांततेत टिकेल याची खात्री नव्हती. म्हणून राज्यघटनाच बदलावी लागली. प्रतिनिधीगृहाने ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी दुरुस्ती संमत केली. ६ डिसेंबरला जॉर्जियाने मंजुरी दिली आणि ३६ पैकी २७ राज्यांची अट पूर्ण झाली.

दुरुस्तीत एक अपवाद मात्र राहिला : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला मुभा होती. दक्षिणेतील राज्यांनी तिचा पुरेपूर गैरफायदा घेतला. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांना जानेवारीत कामधंद्याचा लेखी पुरावा दाखवावा लागे. तो नसला की भटकेपणाचा आरोप येई, दंड होई आणि दंड भरणाऱ्या मालकाकडे राबणे नशिबी येई.

या अन्यायाला उत्तर म्हणून १८६६ चा नागरी हक्क कायदा आला. पुढे चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) समान संरक्षण दिले, तर पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंशाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई केली. या मुक्तिलढ्याची दखल महाराष्ट्रातही घेतली गेली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

१८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेराव्या दुरुस्तीचा अर्थ संकुचित केला. अखेर १९६८ मध्ये त्याच न्यायालयाने, घरविक्रीतील खासगी वंशभेदही याच दुरुस्तीच्या बळावर संसद रोखू शकते, असा निर्णय दिला.