विंचूदंशातील फुप्फुसशोफ आणि रुग्णपरिचर्या

विंचूदंशातील फुप्फुसशोफ ही लाल विंचवाच्या विषामुळे उद्भवणारी गंभीर अवस्था आहे. विषामुळे हृदयावर असह्य ताण पडतो, फुप्फुसांतील वायुकोशांत द्रव साचतो आणि रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो. बोलीभाषेत या अवस्थेस 'फुप्फुसात पाणी होणे' असे म्हणतात. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साचणे हा मात्र वेगळा विकार आहे. कोकणात विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे फुप्फुसशोफ हे एक प्रमुख कारण राहिले आहे. या अवस्थेच्या अभ्यासात व उपचारपद्धतीच्या विकासात रायगड जिल्ह्यातील महाड परिसराला विशेष स्थान आहे. दंशानंतरच्या पहिल्या काही तासांत रुग्णाशेजारी बसून केलेले निरीक्षण हा या उपचारांचा पाया आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

महाड हे सावित्री नदीकाठचे शहर मुंबई–गोवा महामार्गावर असून पोलादपूर त्याच्या दक्षिणेस, आंबेनळी व कशेडी या घाटांच्या पायथ्याशी आहे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या उतारावर पसरलेले असून अनेक वाड्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. उष्ण व दमट हवा, दगडी बांध, कौलारू घरे, लाकूडफाटा आणि पेंढ्याचे ढीग यांमुळे विंचवाला लपण्यास भरपूर जागा मिळते. उन्हाळ्याच्या अखेरीस कौले परतणे, सरपण भरणे, शेताची भाजणी अशी पावसाळ्यापूर्वीची कामे चालू असतात. त्या काळात व पुढे पाऊस ओसरताना दंशाचे प्रमाण वाढते. डोंगरातील वाडीहून रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ हा येथील रुग्णांच्या दृष्टीने नेहमीच निर्णायक घटक ठरला आहे.

विंचवाचे प्रकार

या भागात मुख्यतः दोन प्रकारचे विंचू आढळतात. काळा विंचू आकाराने मोठा व दिसायला भयंकर असतो. त्याच्या दंशाने तीव्र वेदना होतात, परंतु जीवावर क्वचितच बेतते. लाल विंचू तुलनेने लहान, तांबूस ते पिवळसर रंगाचा व बारीक नांग्यांचा असतो. त्याचे शास्त्रीय नाव 'हॉटेनटोटा टॅम्युलस' असे आहे. जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख 'मेसोबुथस टॅम्युलस' असा आढळतो. प्राणघातक दंश प्रामुख्याने याच विंचवाचे असतात व लहान मुलांना त्यांचा धोका अधिक असतो.

विषाची क्रिया

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था अनियंत्रितपणे उत्तेजित होते व अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये मोठ्या प्रमाणावर रक्तात मिसळतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या डाव्या जवनिकेला फार मोठ्या विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. जवनिका थकली की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते व त्यातील द्रव वायुकोशांत झिरपतो. अशा रुग्णाच्या श्वसनमार्गात सुरुवातीला कोणताही अडथळा नसतो. त्याच्या धापेचे मूळ हृदयात असते.

लक्षणे

प्रारंभी उलट्या, भरपूर घाम, तोंडाला लाळ सुटणे व नाडी मंद होणे ही लक्षणे दिसतात. पुरुष व मुलगे यांच्यात शिश्न ताठर होणे हे महत्त्वाचे पूर्वलक्षण मानले जाते. संकोचामुळे कुटुंबीय ते सांगत नाहीत, म्हणून परिचारिकेने ते स्वतः विचारावे व पाहावे. त्यानंतर नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो आणि हातपाय थंड पडतात. फुप्फुसशोफ सुरू झाला की रुग्णाला आडवे पडवत नाही, कोरडा खोकला येतो, श्वास जलद होतो, ओठ व नखे निळसर होतात आणि पुढे तोंडावाटे गुलाबी फेस येतो. हा बदल दंशानंतर अर्ध्या तासात किंवा काही तासांनीही घडू शकतो.

वेदनेच्या तीव्रतेवरून धोका मोजता येत नाही. केवळ दंशाच्या जागी असह्य वेदना असून अन्य लक्षणे नसलेला रुग्ण बहुधा सुरक्षित असतो. याउलट फारशी वेदना नसलेले, पण घामाने भिजलेले व हातपाय थंड पडलेले मूल गंभीर अवस्थेत असू शकते.

उपचारांचा इतिहास

मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाचे रुग्ण दगावताना पाहून त्यांनी रुग्णांजवळ थांबून नाडी, रक्तदाब व श्वसन यांच्या तपशीलवार नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. लाल विंचवाच्या दंशातील हृदयविषयक पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रक्तवाहिन्या आकुंचन पावणे हे मूळ कारण असल्याने त्या शिथिल करणारे औषध उपयोगी पडेल, हा त्यापुढील विचार होता. उच्च रक्तदाबासाठी वापरले जाणारे 'प्राझोसिन' हे औषध त्यासाठी निवडण्यात आले. या औषधाच्या वापराविषयीचा डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख १९८६ साली 'द लॅन्सेट'मध्ये आला. पश्चिम भारतात पूर्वी गंभीर विंचूदंशातील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते व प्राझोसिनच्या वापरानंतर ते सुमारे १ टक्क्यावर आले, असे बावस्कर यांच्या शोधनिबंधांत नमूद आहे. स्वस्त, गोळीच्या रूपात मिळणारे व शीतपेटीची गरज नसलेले हे औषध ग्रामीण केंद्रांना विशेष सोयीचे ठरले.

महाड येथील बावस्कर रुग्णालयातील ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण, तर प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत लक्षणमुक्त झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

रुग्णपरिचर्या

निरीक्षण: नाडी, रक्तदाब व श्वसनाचा वेग यांची नोंद पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने, पुढील ६ तास दर तासाने व त्यानंतर सुधारणा होईपर्यंत दर ४ तासांनी घेतली जाते. यासोबत हातपायांची ऊब, घाम, खोकला व मानसिक अवस्था पाहिली जाते. श्वासाचा वेग मोजताना पूर्ण एक मिनिट मोजणे आवश्यक असते. मूल रडत असल्यास ते शांत झाल्यावर पुन्हा मोजावा लागतो.

प्राणवायू: रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने मोजतात. निरोगी व्यक्तीत ते साधारण ९५ ते १०० टक्के असते. ९० टक्क्यांखालील नोंद गंभीर समजली जाते. विंचूदंशात बोटे थंड पडलेली असल्याने यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. अशा वेळी बोट पुसून व उबदार करून किंवा उपकरण कानाच्या पाळीला लावून पुन्हा मोजतात. यंत्रातील आकडा चांगला असला तरी रुग्ण धापा टाकत असेल, तर रुग्णाच्या अवस्थेलाच प्रमाण मानावे. प्राणवायू मुखवट्याद्वारे देतात. एवढ्याने भागत नसल्यास दाबयुक्त श्वसनयंत्राची गरज पडते. प्राणवायू चालू असताना जवळपास बिडी, उदबत्ती किंवा दिवा पेटवू देऊ नये.

रुग्णाची स्थिती: फुप्फुसशोफाच्या रुग्णाला डोक्याकडची बाजू उंच करून टेकवून बसवल्यास श्वास घेणे सुलभ होते. परंतु प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उभे करणे किंवा चालवणे टाळतात. मूल लघवीसाठी वा दूध पाजण्यासाठी उचलून कडेवर घेऊ नये, हे आईला आधीच समजावून सांगावे लागते. रक्तदाब उतरल्यास रुग्णाला आडवे करून डोके सखल ठेवतात व तत्काळ डॉक्टरांना बोलावतात.

द्रवपदार्थ: घाम व उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी होते. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास त्यास जलसंजीवनी थोडी थोडी पाजतात. शिरेवाटे सलाईन वेगाने दिल्यास फुप्फुसशोफ वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे दिलेले पाणी व झालेली लघवी यांचा हिशेब ठेवला जातो.

औषधे: हातपाय उबदार होईपर्यंत प्राझोसिन ठरावीक अंतराने तोंडावाटे दिले जाते. बावस्कर यांच्या पद्धतीत हे अंतर ३ तासांचे आहे. मात्रा डॉक्टर ठरवतात. ओकारीत गोळी पडल्यास तशी नोंद करून डॉक्टरांना कळवणे महत्त्वाचे असते. प्रतिविष देताना अंगावर पित्त उठणे, छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे किंवा रक्तदाब उतरणे यांवर लक्ष ठेवतात.

सुधारणेची चिन्हे: हातपाय उबदार होणे, घाम थांबणे, धाप कमी होणे व झोप लागणे ही सुधारणेची चिन्हे होत. बरे होत असताना दंशाच्या जागी वेदना पुन्हा जाणवू लागते. हे चिन्ह अनुकूल असून कुटुंबीयांना त्याची कल्पना दिल्यास ते घाबरत नाहीत.

प्रथमोपचार व प्रतिबंध

दंशाच्या जागी चिरा देणे, रक्त चोखणे किंवा घट्ट दोरी बांधणे यांचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो. मांत्रिकाकडे 'विंचू उतरवून' घेतल्यावर वेदना शमल्यासारखी वाटते. बहुतेक दंश सौम्य असल्याने रुग्ण आपोआप बरे होतात व मंत्राचे श्रेय वाढते. मात्र गंभीर दंशात याच विलंबामुळे प्राण जातात. रुग्णाला धीर देऊन, चालायला न लावता जवळच्या आरोग्य केंद्रात नेणे हाच योग्य प्रथमोपचार होय.

पादत्राणे व अंथरूण झटकून वापरणे, लाकूडफाटा व गोवऱ्या घरापासून दूर रचणे, सरपण काढताना थेट हात न घालणे, रात्री विजेरी बाळगणे आणि भिंतींच्या फटी बुजवणे या उपायांनी दंश टाळता येतात.

हे सुद्धा पाहा

विंचू
सर्पदंश
हिंमतराव बावस्कर
महाड
पोलादपूर